बिनमापाचा गारवा

हिंगोली जिल्ह्यातील साखरा या गावाचा आणि मोटारीच्या वातानुकूलनाचा संबंध जोडला, तर पंचवीस वर्षांपूर्वी तो थट्टेचा विषय झाला असता. सेनगाव तालुक्यातले हे शेतीवर जगणारे गाव. तेथे मोटार म्हणजे एस. टी. नाही तर वडाप जीप, आणि गारवा म्हणजे खिडकीतून येईल तेवढा वारा. आज स्थिती निराळी आहे. शिक्षक, ग्रामसेवक, हळदीचा आडत्या, दवाखान्यात नोकरी करणारा तरुण अशी माणसे कर्ज काढून किंवा पुण्या-मुंबईकडची वापरलेली मोटार घेऊन हौस आणि गरज दोन्ही भागवतात. त्या मोटारीत वातानुकूलन असतेच. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर गेलेला असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हिंगोलीला किंवा नांदेडला डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तर या सोयीला चैन म्हणणे उद्धटपणाचे ठरेल.

साखऱ्याच्या माझ्या एका शिक्षकस्नेह्यांनी अशीच एक जुनी मोटार घेतली. पहिल्या उन्हाळ्यात तिचा गारवा कमी वाटला म्हणून त्यांनी ‘गॅस’ भरून घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा भरला, तिसऱ्यातही भरला. प्रत्येक वेळी दीड-दोन हजार रुपये गेले. शिक्षकच ते, तिसऱ्या वेळी त्यांनी कारागिराला विचारले, ‘कोणता गॅस भरलास?’ उत्तर आले, ‘गाडीचाच, गुरुजी.’ ‘किती भरलास?’ ‘फुल केला की!’ चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर जाम झाला आणि पंधरा हजारांचा खर्च समोर उभा राहिला. चुकीचा गॅस गेला होता, जास्त गेला होता, कमी गेला होता, की आत ओल शिरली होती, याचा उलगडा आता होणे नाही. कारण तीन वर्षांच्या तिन्ही पावत्यांवर एकच ओळ होती : ‘ए. सी. गॅस भरणे.’ वायूचे नाव नाही, वजन नाही.

हा लेख त्या एका ओळीविषयी आहे. पावभर साखरेचे वजन डोळ्यांत तेल घालून पाहणारा आपला समाज या एका मालाच्या बाबतीत वजन विचारीतच नाही. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारीत नाही आणि शासनही त्याच वाटेने जाते. यातून ग्राहकाची फसवणूक होते, ती तर खरीच. पण तिच्याहून मोठे नुकसान होते ते डोक्यावरच्या आकाशाचे.

प्रथम या यंत्राची रचना समजून घेतली पाहिजे, कारण साऱ्या गोंधळाचे मूळ एका गैरसमजात आहे. लोक समजतात, की पेट्रोलप्रमाणे हा गॅस वापरून संपतो आणि म्हणून दर उन्हाळ्याला तो भरावा लागतो. वस्तुस्थिती अशी आहे, की मोटारीतील वातानुकूलन हा एक बंद फेरा आहे. कॉम्प्रेसर वायूला दाबतो. पुढच्या जाळीत उष्णता टाकून तो वायू द्रव होतो. बारीक झडपेतून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डामागच्या गुंडाळीत तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून घेतो, म्हणून हवा गार होते. मग तोच वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे. या फेऱ्यात काहीही जळत नाही, काहीही खर्ची पडत नाही. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी वर्षानुवर्षांत थोडीशी झिरप होते, हे मान्य. पण एका उन्हाळ्यात भरलेला गॅस दुसऱ्या उन्हाळ्यात नाहीसा झाला, तर त्याचा अर्थ एकच : नळी, जोड किंवा जाळी कोठेतरी फुटलेली आहे. अशा वेळी गळती न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. फरक इतकाच, की रांजणातले पाणी निदान अंगणातल्या तुळशीला मिळते.

आता ‘फुल केला’ या शब्दाकडे वळू. या फेऱ्याला फुल असे काही नसतेच. कारखान्याने त्या विशिष्ट मोटारीसाठी वजन ठरवून दिलेले असते. लहान मोटारीला ते साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम असते, मोठीला अधिक. बॉनेट उघडले की आतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर वायूचे नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. वजन कमी पडले तर गारवा कमी होतोच, शिवाय कॉम्प्रेसरला वंगण पुरवणारे तेल या वायूच्याच संगतीने फिरत असल्यामुळे ते परत येईनासे होते. वजन जास्त झाले तर पुढच्या जाळीत द्रव साचतो, दाब चढतो, गारवा उलट घटतो आणि कॉम्प्रेसर कुरकुरू लागतो. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त गॅस घेणाऱ्याला कमी गारवा मिळतो. बाजारात असा व्यवहार दुसरा सापडणे कठीण.

कारागीर मात्र वजन करीत नाही. तो दाबमापकाचे दोन काटे लावतो आणि काटा ‘बरोबर जागी’ आला की थांबतो. येथे ज्या गृहिणींना पदार्थविज्ञान शिकवण्याची गरज नाही त्यांचे उदाहरण घ्यावे. घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये किती गॅस उरला आहे, हे शेगडीच्या ज्योतीवरून कळते काय? सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, ज्योत तशीच. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर. उरलेल्या मालाच्या वजनाशी त्याला देणेघेणे नसते. म्हणूनच आपण सिलिंडर घेताना १४.२ किलो भरतात की नाही, हे काट्यावर पाहतो. मोटारीच्या बाबतीत हाच नियम लागू आहे. इंजिन चालू असताना काट्यांवरून जाणत्या माणसाला बरेच काही उमगते. पण बाहेरचे ऊन, इंजिनाची गती, पंख्याची अवस्था या सगळ्यांचा त्या आकड्यावर परिणाम होतो. सेनगावच्या मे महिन्यात जो काटा ‘बरोबर’ दिसतो, तो डिसेंबरच्या सकाळी तसा दिसणार नाही.

आणि वायू कोणता, हे तर काटा सांगतच नाही. तीस अंश तापमानाला जुन्या आर-१२ या वायूचा दाब दर चौरस इंचाला सुमारे ९३ पौंड असतो. आजच्या मोटारींत असलेल्या आर-१३४ए चा सुमारे ९७ पौंड. चार पौंडांचा हा फरक गॅरेजमधल्या काट्यावर कोण वाचणार? घरच्या जुन्या वातानुकूलन यंत्रांतल्या आर-२२ चा दाब मात्र १५० च्याही वर जातो आणि मोटारीच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नसतात. तेलांचीही तीच गोष्ट. आर-१२ खनिज तेलाबरोबर फिरे. आर-१३४ए त्याच्याशी मिसळत नाही, त्याला कृत्रिम तेल लागते, आणि ते तेल हवेतली ओल शोषून घेण्यात पटाईत असते. ओल आत गेली की आम्ल तयार होते, आणि ते आम्ल आतून धातू खाऊ लागते. म्हणून योग्य पद्धत अशी : आत उरलेला वायू यंत्राने काढून साठवायचा, गळती शोधून दुरुस्त करायची, पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, आणि मग चिठ्ठीवरचा वायू चिठ्ठीवरच्या वजनाने काट्यावर मोजून भरायचा. यात गूढ असे काही नाही. सोनाराला आणि हळदीच्या व्यापाऱ्याला काटा परवडतो, तसा तो गॅरेजलाही परवडतो.

वायूच्या नावाबद्दलचा निष्काळजीपणा किती महाग पडू शकतो, याचा दाखला २०११ मध्ये मिळाला. फळे आणि मासळी वाहून नेणाऱ्या जहाजी शीतपेट्यांत दुरुस्तीच्या वेळी आर-१३४ए या नावाखाली बनावट वायू भरला गेला होता. त्यात मिथाइल क्लोराइड होते. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हवेच्या नुसत्या स्पर्शाने पेट घेणारे द्रव्य तयार झाले. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीतपेट्यांचे स्फोट होऊन त्यांवर काम करणारी माणसे मेली. मोटारीतही ॲल्युमिनियमच असते. स्वस्ताईच्या मोहाने स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे ज्वालाग्राही मिश्रण मोटारीत भरण्याचे प्रकार तर अनेक देशांत घडले आहेत. ते थंडावा उत्तम देते, यात शंका नाही. पण गार गुंडाळी प्रवाशांच्या गुडघ्यांपुढेच असते आणि तिथे गळती झाली तर एका ठिणगीचे काम असते.

येथवर ग्राहकाचे झाले. आकाशाचा हिशेब याहून जुना आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२ हा वायू पुढे आणला, तेव्हा तो वरदानच वाटला. तो जळत नाही, विषारी नाही, स्वस्त आहे. (याच मिजलीने पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही शोधली होती. मोटारीवर आणि हवेवर एकाच माणसाचे असे दुहेरी ऋण क्वचितच असेल.) १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की हा वायू खाली निरुपद्रवी असला तरी वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर पोखरतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २००० साली केंद्र शासनाने ओझोननाशक द्रव्यांसंबंधीचे नियम केले, १ जानेवारी २००३ पासून नव्या मोटारींतून आर-१२ हद्दपार झाला आणि २००८ मध्ये देशातील त्याचे उत्पादनही थांबले. आंतरराष्ट्रीय करार कागदावरच राहतात अशी तक्रार आपण नेहमी करतो. हा करार त्याला अपवाद ठरला.

त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाही. पण उष्णता अडवून धरण्यात तो कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारे १४३० पट समर्थ आहे. या आकड्याचा अर्थ घरगुती हिशेबाने पाहावा. एका लहान मोटारीतले साडेचारशे ग्रॅम हवेत सोडले, तर ते सुमारे ६४० किलो कर्बद्विप्राणिल सोडल्यासारखे होते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कर्बद्विप्राणिल निघतो. म्हणजे जोड सैल करून ‘फुस्स’ करण्याच्या एका क्षणात २८० लिटर पेट्रोलचा धूर आकाशात गेला. लिटरला अठरा किलोमीटर धरले, तर हिंगोलीहून मुंबईला चार वेळा जाऊन परत येण्याइतका! माझ्या शिक्षकस्नेह्यांच्या मोटारीने तीन उन्हाळ्यांत तीनदा भरलेला गॅस गळतीतून गमावला. वर्षभर काटकसरीने मोटार चालवून त्यांनी जे पेट्रोल वाचवले असेल, त्याचे आकाशाच्या दृष्टीने काय मोल उरले?

यावर उपाय म्हणून जगाने पुन्हा पाऊल उचलले आहे. युरोपने २००६ मध्ये निर्देश काढला आणि २०१७ पासून तेथील नव्या मोटारींत आर-१३४ए बंद झाला. आर-१२३४वायएफ हा त्याचा वारस हवामानाला फारसा जाच करीत नाही, मात्र महाग आहे आणि थोडासा ज्वलनशीलही आहे. २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल कराराला दुरुस्ती झाली आणि भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली. तीनुसार २०२८ मध्ये अशा वायूंच्या वापराला मर्यादा पडेल आणि २०३२ पासून चार टप्प्यांनी २०४७ पर्यंत तो उतरत जाईल. आपला शीतकरण कृती आराखडाही मार्च २०१९ मध्ये आला. त्याने २०३७-३८ पर्यंत अशा वायूंची गरज पंचवीस ते तीस टक्क्यांनी घटवण्याचे आणि एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले.

आराखडा चांगला आहे. पण दिल्लीचे माप टनांत आहे आणि साखऱ्याचे माप ‘फुल’ या शब्दात आहे. या दोहोंच्या मध्ये ग्रॅम कोठेतरी हरवले आहेत. देशाने वायूचे उत्पादन कितीही मोजून केले, तरी शेवटच्या डब्यातला माल कोणत्या मोटारीत किती गेला आणि किती हवेत गेला, याची नोंद कोणी ठेवीत नसेल, तर बाकीचा हिशेब अर्धाच राहतो. शिवाय पुढची दहा-पंधरा वर्षे अशी असतील, की एकाच गॅरेजच्या दारात जुन्या आणि नव्या वायूच्या मोटारी शेजारी-शेजारी उभ्या राहतील. काट्यावर विसंबणाऱ्या कारागिराची तेव्हा खरी परीक्षा होणार आहे.

कारागिराला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. तालुक्याच्या गावातला हा तरुण दहावी-बारावीनंतर कोणाच्या तरी हाताखाली राबून शिकलेला असतो. इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखण्याचे त्याचे कसब वाखाणण्यासारखे आहे. वायू काढून साठवण्याचे यंत्र त्याने कधी पाहिलेले नसते. आणि पाहिले तरी, गिऱ्हाईक वजन विचारीत नाही, तर त्याने त्यावर पैसा का घालावा? प्रामाणिकपणे गळती शोधून दोन दिवस मोटार ठेवून घेणारा कारागीर आणि अर्ध्या तासात ‘फुल’ करून देणारा कारागीर यांत गर्दी कोणाकडे होते, हे आपण सारे जाणतो. ती गर्दी आपलीच असते. अमेरिकेने १९९० मधील कायद्याने पैसे घेऊन मोटारीचे वातानुकूलन दुरुस्त करणाऱ्याला प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि मान्य यंत्र बंधनकारक केले. तशी सक्ती उद्या सकाळी सेनगावात केली, तर चांगले-वाईट सारेच गॅरेज बंद पडतील आणि धंदा झाडाखाली जाईल. सक्तीपूर्वी साधन पोहोचले पाहिजे. तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मोटार कारागिराचे आणि प्रशीतनाचे अभ्यासक्रम त्या चालवतात. अशा प्रत्येक संस्थेत वायू काढून घेणारे एक यंत्र ठेवावे, ते परिसरातल्या कारागिरांना भाड्याने वापरू द्यावे आणि रविवारी त्यांचे वर्ग भरवावेत. ट्रॅक्टर नसलेला शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतो; यंत्राविषयी आपल्या गावांना ही रीत अपरिचित नाही.

गरज वाढतच जाणार आहे. साडेतीन टनांवरील नव्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असे केंद्राने ठरवले. भर उन्हात हळदीची पोती वसमतहून दूरदेशी नेणाऱ्या चालकाला हा न्याय उशिरा का होईना मिळाला, याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्या हजारो केबिनींची दुरुस्ती पुढे हमरस्त्यावरच्या याच गॅरेजांत होणार आहे.

दुसरा आक्षेप येतो तो असा, की साध्या माणसाने एवढे खोलात कशाला जावे? खोलात जायचे नाहीच. दोन प्रश्न विचारायचे : कोणता, आणि किती ग्रॅम. बॉनेटखालची चिठ्ठी वाचायला पदवी लागत नाही. शाळांतून १६ सप्टेंबरला ओझोन दिन साजरा होतो. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असल्यामुळे आमच्याकडे तो प्रभातफेरीच्या तयारीत बहुधा उरकला जातो. फळ्यावर पृथ्वीला छत्री धरलेले चित्र काढण्याऐवजी त्या दिवशी गुरुजींनी मुलांना मैदानातल्या एखाद्या मोटारीपाशी न्यावे, चिठ्ठी वाचायला लावावी आणि वर केलेले ६४० किलोंचे गणित त्यांच्याकडून सोडवून घ्यावे.

आणि आता कार्यालयांतल्या मंडळींना उद्देशून थोडे. जिल्ह्यातील सर्वांत जागरूक ग्राहक शासन असायला हवे, कारण त्याच्याजवळ लेखनिक आहे, नोंदवही आहे आणि लेखापरीक्षक आहे. शासकीय मोटारीत डिझेल भरले, की लिटर, दर, किलोमीटर यांची नोंद लॉगबुकात होते. त्यात दोन लिटरांचा फरक आढळला तर खुलासा मागवला जातो. त्याच मोटारीच्या दुरुस्तीच्या देयकावर ‘ए. सी. गॅस भरणे, एक काम’ असे लिहून आले, तर ते देयक बिनबोभाट मंजूर होते. एकाच मोटारीसाठी ते दर उन्हाळ्यात आले, तरी गळतीचे काय झाले, असा शेरा कोणी मारीत नाही. मोजून विकल्या जाणाऱ्या मालाला ‘एक काम’ म्हणण्याची ही सवलत डिझेलला नाही, कागदाच्या रिमालाही नाही. पेट्रोल पंपांचे माप तपासणारी वैधमापनशास्त्र यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. गॅरेजमधला काटा तिच्या कक्षेत आणणे अवघड नाही. पण त्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या, तहसिलीच्या आणि रुग्णालयांच्या मोटारींच्या दुरुस्ती देयकाच्या नमुन्यात वायूचे नाव, काढलेले ग्रॅम, भरलेले ग्रॅम आणि गळती सापडलेली जागा असे चार रकाने वाढवावेत आणि ते रिकामे असलेले देयक आक्षेप घेऊन परत करावे. त्यासाठी विधिमंडळात विधेयक लागत नाही. कार्यालयप्रमुखाचे एक पानी परिपत्रक पुरते, आणि ते मार्चअखेरच्या गर्दीआधी निघाले तर येत्या उन्हाळ्याच्या देयकांना ते लागू होईल.